हॉल्टवरून डावीकडे

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. मिरवायला सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण मिरवायलाच सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. वडील नागपूर–नागभीड नॅरोगेज लाइनीवर चाबीवाले होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज सात-आठ मैल रुळांवरून चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी जिथे सैल झाली असेल तिथे ठोकून घट्ट करायची, एवढंच काम. आम्ही पाच जण एका खोलीत. माय लोकांच्या शेतात धान कापायला जायची. मॅट्रिकच्या परीक्षेला मी बाबांचे रेल्वेचे बूट घालून गेलो आणि ते आठ दिवस बाबा गिट्टीवर अनवाणी चालले. मी बी.ए. झालो, सेकंड क्लासमध्ये. सरकारी कचेरीत कारकून लागलो. मग आम्ही नागपुरात दोन खोल्या घेतल्या.

आता मुद्द्याचं. या सदरात लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात त्यांवर माझा विश्वास नाही. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव काढले. देवांसोबत भुतंही गेली, असं ते म्हणायचे. "बावीस वर्षं रुळावर चालून राहिलो. साप भेटले, पिसाळलेले कुत्रे भेटले, भूत काही भेटलं नाही." माझंही तेच मत होतं. आजही तेच आहे... म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आणीबाणी उठली त्या सालचा डिसेंबर. तेव्हा मी एका साप्ताहिकात 'रविवारी कुठे जाल' नावाचं सदर लिहीत होतो. नागपूरपासून दिवसभरात जाऊन परत येता येईल अशी जागा. गाडी किती वाजता, चहा कुठे मिळतो, कॅमेरा असेल तर उजेड कधी चांगला, पोरं सोबत असतील तर काय सांभाळायचं. खाली माझं नाव, नावापुढे बी.ए. लोक लेख कापून खिशात ठेवायचे. पुष्कळांनी मला सांगितलं की तुमचं वाचून आम्ही पहिल्यांदा गावाबाहेर पडलो.

त्या सदरामागची एक गोष्ट मी कोणाला सांगत नसे. जागा सगळ्या बाबांच्या होत्या. कुठल्या तळ्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, कुठल्या टेकडीवरून धानाची बांधी पायऱ्यांसारखी दिसते, हे त्यांना रुळावरून पाहून माहीत. ते सांगायचे. मी शनिवारी बॉक्स कॅमेरा घेऊन जायचो, स्वतःच्या पायांनी वाट तपासायचो, फोटो काढायचो आणि मगच लिहायचो. न जाता एक ओळ लिहायची नाही, हा माझा नियम होता. बाबांचं नाव कुठे टाकलं नाही. अंगठा लावणाऱ्या माणसाचं नाव कशाला, असं मनात नसेल असं मी आज म्हणू शकत नाही.

त्या महिन्यात बाबांची छाती भरली. दवाखान्यात ठेवलं. बुधवारी लेख द्यायचा होता आणि शनिवारी मला कुठे जाता आलं नव्हतं. मी खाटेशेजारी वही घेऊन बसलो होतो.

"लिहून राहिला का गा?" बाबांनी विचारलं.

"जागाच नाही या वेळी."

"कुहीच्या अलीकडचा हॉल्ट हाय न. उतरलं का चिंच दिसते. चिंचेपासून डाव्या हातानं पांदण जाते. अर्धा कोस चाललं का तळं येते. पानी गुडघ्याएवढं. पोट्टे खेळले तरी भेव नाही."

"फोटो?"

"मागं तू एका तळ्याचा काढला होता, तोच दे. तळं तळ्यासारखंच दिसते."

मी लिहिलं. हॉल्टवर उतरा, चिंचेपासून डावीकडे वळा, पाणी गुडघाभर आहे, लहान मुलंही उतरू शकतात. नियम मोडला, हे तेव्हा मला फारसं टोचलंही नाही.

शुक्रवारी अंक निघाला. शुक्रवारी संध्याकाळीच बाबा गेले. शनिवारी दुपारी त्यांना घाटावर नेलं. मी सगळं केलं. कोण कुठून यायचं आहे, किती चादरी लागतील, सगळं नीट सांगितलं. रडू आलं नाही. मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून असा बसला? काही खाऊन घे." मी खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही.

रविवारी सकाळी घरात माणसं बसली होती. बाबांच्या गँगमधले दौलतकाका पहाटेच आले होते. बाबांसोबत ते वीस वर्षं रुळावर चाललेले. बसल्या बसल्या बोलायला काही उरेना, तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, बाबांनी शेवटचं सांगितलं ते छापून आलंय, वाचू का? तिनं लेख वाचला. आठ वाजत आले असतील.

दौलतकाका ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच वं. ते चिंचेचं."

तिनं पुन्हा वाचलं.

"डावीकडे?" काका माझ्याकडे वळले. "नागपूरहून येऊन उतरनाऱ्याच्या डावीकडे तर जुनी गिट्टीची खदान हाय, गा. सरळ कडा. वीस-पंचवीस हात पानी. वरून शेवाळ अन् कमळं, तळ्यासारखंच दिसते."

"बाबांनीच डावीकडे सांगितलं."

"तो डावं म्हणनच. आमचं डावं-उजवं नागपूरकडे तोंड करूनच असते. कुठंही चालून राहिलो तरी नागपूरकडे तोंड. नाहीतर कोन्ता रूळ सैल झाला, ते एकमेकाले सांगावं कसं? तुले माहीत नाही?"

मला माहीत होतं. लहानपणी मी बाबांच्या मागे चालायचो तेव्हा हेच डावं-उजवं मला येत होतं. पुढे शाळा-कॉलेजात गेलो, आणि डावं म्हणजे आपला डावा हात एवढंच राहिलं. नागपूरहून जाणारा माणूस उतरतो तेव्हा त्याचं तोंड कुहीकडे असतं. त्याला डावी म्हणजे खदान.

इतवारीहून गाडी पावणेसातला सुटते. हॉल्टवर पावणेनऊच्या सुमाराला पोचते. तिथे स्टेशनमास्तर नाही, फोन नाही. दौलतकाका चप्पल घालून इतवारी स्टेशनला निघाले, तिथून कुहीला फोन लावायला. शेजारचा वसंता हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होता, त्याच्याकडे मोटारसायकल होती. त्याची रात्रपाळी नुकतीच सुटली होती.

"बसा," तो म्हणाला. "झोप काय, उद्याही येते."

माय दारात उभी राहिली. नवऱ्याला नेऊन एक दिवस झाला नव्हता आणि मुलगा घर सोडून चालला होता. बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालंही, आज बाहेर जाऊ नये. माय म्हणाली, "जाऊ द्या त्याले. त्याच्या बापाचंच काम हाय ते."

उमरेड रोडनं गेलो, मग कच्चा रस्ता. वसंता दोनदा काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी मनात लेखाचं एकच वाक्य म्हणत होतो, लहान मुलंही उतरू शकतात. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. हात गार होते, तेवढं आठवतं.

हॉल्टवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. चिंचेखाली कोणी नव्हतं. डावीकडच्या वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली होती, शेतात ढोरं शिरू नयेत म्हणून टाकतात तशी. तोडलेली जागा ओली होती. फांदी ओलांडून मी खदानीपर्यंत पळालो. हिरवं शेवाळ सगळीकडे अखंड, कुठे फाटलेलं नाही. काठावर एक चप्पल नाही, डबा नाही. मी दगड टाकला. तो बुडाला, आणि शेवाळ पुन्हा मिटलं.

तेवढ्यात वसंतानं हाक मारली. रुळांच्या पलीकडून, उजवीकडून, पोरांचा आवाज येत होता.

तळं बाबांनी सांगितलं तसंच होतं. पोरं गुडघाभर पाण्यात. बायकांनी चादरी अंथरल्या होत्या. चुलीवर भात चढला होता. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक मास्तर माझ्याकडे आले.

"तुम्हीही लेख वाचून आलात? वाट चुकलात ना? त्या लेखात गडबड आहे."

"लेख माझाच आहे," मी म्हणालो.

ते हसले. "अहो, मग या ना, बसा. बी.ए. लोकांनाही डावं-उजवं कळत नाही तर. नशीब, तुमचे वडील होते तिथं."

"कोण?"

"तुमचे वडील. लेख माझ्या पोराचा, असं त्यांनीच सांगितलं. चिंचेखाली बसले होते. खाकी कोट, हातोडा घेतलेला. आम्ही उतरून डावीकडे निघालो तर उठून आडवे आले. म्हणाले, तिकडं नाही, इकडं चला, पोट्टे आधी."

त्यांच्या पत्नी भात ढवळत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या छोटीला गिट्टीवर चालता येत नव्हतं, तर त्यांनी हात धरून रूळ ओलांडून दिला. फार गार हात हो त्यांचा. म्हटलं आजोबा, चहा घ्या, तर म्हणाले, ड्युटीवर आहे."

मी विचारलं, ते आणखी काही बोलले का?

मास्तर जरा घुटमळले. "मी गमतीनं म्हटलं, मुलानं चुकीचं लिहिलं की हो. तर म्हणाले, त्याचं नाही चुकलं. म्याच नागपूरकडे तोंड करून सांगितलं. मला काही त्याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला लागतो?"

मी हो म्हणालो.

"त्यांचा फोटो काढणार होतो. नको म्हणाले. रोल वाया घालवू नको, तळ्याचा काढ."

मी त्यांना काही सांगितलं नाही. तिथे पोरं खेळत होती. वसंतानं माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं, आणि चुलीजवळ जाऊन लाकडं सारत बसला. त्यानंतर तो या विषयावर माझ्याशी एकदाही बोलला नाही.

मी शिकलेला माणूस आहे, म्हणून पुढचे काही आठवडे चौकशी केली. दौलतकाकांचा फोन कुहीला लागला तेव्हा गाडी हॉल्ट सोडून पुढे गेली होती. निरोप घेऊन तिथून कोणी निघालं नाही. रविवारी त्या तुकड्यावर गँग नव्हती. जवळच्या गावात विचारलं, कोणी बाभूळ तोडली का. कोणी नाही म्हणालं, कोणी म्हणालं तोडली असेल, रोजच तोडतो. खाकी कोट रेल्वेत शेकडो आहेत. बाबांचा कोट घरी खुंटीलाच होता, मायनं त्याला हात लावला नव्हता. मास्तरांनी नंतर फोटो पाठवले: चिंच, पोरं, तळं, चूल. त्यांत दुसरं कोणी नाही. म्हणजे पुरावा म्हणून माझ्याकडे काहीही नाही.

हे खरं की एखादा म्हातारा गँगमन योगायोगानं तिथे बसला असेल. त्यानं माझा लेख कोणाकडून वाचून घेतला असेल. मग पोरगा, बाप, नागपूरकडे तोंड... हे त्यानं कसं जुळवलं असेल, ते मात्र मला जुळवता येत नाही. दौलतकाकांना विचारलं तर म्हणाले, "तुले काय पाहिजे गा? भूत होतं म्हणू का नव्हतं म्हणू? तुझा बाप कधी ड्युटी अर्धी टाकून घरी आला का, ते सांग." एवढं बोलून त्यांनी विडी पेटवली.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. माय दोन-तीन वर्षांनी एकदा म्हणाली, त्या दिवशी तू घरी राहिला असता तरी चाललं असतं. मला रडू आलं ते फार उशिरा, कचेरीत, एका दुपारी, काही कारण नसताना.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि वाचकांनी ते पाठवू नये अशी विनंती. मला खात्रीनं सांगता येतं ते एवढंच. त्या रविवारी माझा लेख वाचून इतवारीहून तेवीस माणसं हॉल्टवर उतरली, त्यांत नऊ लहान मुलं होती. वसंताला परत पाठवून मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच थांबलो, आणि माणसं डब्यात चढताना एकेक करून मोजली. तेवीसच्या तेवीस परत गेली.