बाविसाव्या स्लाइडवरचं भूत

आमच्या धंद्यात भूत हा रोजचा शब्द आहे, त्यामुळे मला त्याची भीती कधी वाटलीच नाही. एमआरआय चालू असताना पेशंट हलला किंवा नको तेव्हा श्वास घेतला, की चित्रात पोटाच्या कडेच्या फिकट सावल्या उमटतात, एकामागे एक. इंग्रजीत त्याला घोस्टच म्हणतात. ते का येतं, हे मी फळ्यावर गणित मांडून सांगू शकतो. अमावस्या, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा मागवायचो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला त्यातला समजाल.

छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडला, चिकलठाण्याच्या जरा अलीकडे एका खासगी संस्थेत मी एमआरआय टेक्निशियनचा कोर्स शिकवतो. त्याआधी बारा वर्षं मशीनवर होतो. पोरं करमाड, पाचोड, कुठून कुठून येतात. हुशार असतात, पण जाड इंग्रजी पुस्तक उघडलं की डुलक्या घेतात. म्हणून मी मराठीत नोट्स काढल्या, स्लाइड्स बनवल्या. 'सरांची पीपीटी' आता दुसऱ्या कॉलेजांतही फिरते, आणि त्याचा मला फार तोरा होता.

त्यातली बाविसावी स्लाइड सगळ्यात गाजलेली. विषय - श्वासामुळे बिघडलेलं चित्र. एका बाईच्या पोटाचा, मीच केलेला स्कॅन, भुतांनी भरलेला. सोबत किस्सा. मशीनमध्ये झोपलेल्या त्या बाईला मी माइकवरून म्हणालो, "मावशी, दम धरा." आता आपल्याकडे दम धरा म्हणजे श्वास रोखा, आणि दम धरा म्हणजे जरा धीर धरा. आतून आवाज आला, "धरलाय की बाबा, लई दिसापासून धरलाय." आणि श्वास आपला चालूच. वर्ग खो खो हसायचा. पाच बॅचेस हसल्या. स्लाइडखाली मी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

किस्सा खरा आहे, पण अर्धा. उरलेला आज पहिल्यांदा लिहितोय.

तिच्या उत्तरावर मी खेकसलो. "श्वास रोखा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." तिने रोखला. पहिला स्कॅन छान आला. मग 'सोडा' म्हणायचं माझं काम. तेवढ्यात मोबाइल वाजला. मेव्हणा होता, कुठली गाडी घ्यावी विचारत होता. मी बोलत बसलो. ती आत माझ्या सांगण्याची वाट बघत राहिली. फोन ठेवला आणि 'सोडा' न म्हणताच मी पुढचा स्कॅन चालू केला. तोवर बाई धापा टाकायला लागली होती. त्या दुसऱ्या स्कॅनमध्ये भूत आलं. डॉक्टरांनी पाहिलं, परत करा म्हणाले. मी बाहेर जाऊन तिच्या सुनेला सांगितलं, "तुमचं पेशंट ऐकतच नाही. पुन्हा कधीतरी आणा." ती बाई पदर सारखा करत बाहेर आली आणि तिनेच माझी माफी मागितली.

यंदाच्या बॅचला दुपारी तीनच्या लेक्चरला मी ती स्लाइड लावली. पडद्याकडे पाठ करून नेहमीसारखा किस्सा सांगितला. पोरं हसली. "आता भूत बघा," मी म्हणालो. पोरं डोळे बारीक करून पडद्यावर शोधायला लागली. मी वळून पाहिलं...

चित्र साफ होतं. यकृताची कड, दोन्ही मूत्रपिंडं, सगळं रेखीव. एकही सावली नाही. खाली माझी लाल ओळ मात्र तशीच.

वाटलं, चुकून पहिला स्कॅन लागला असेल. पण कोपऱ्यातला नंबर दुसऱ्या स्कॅनचाच होता. पेनड्राइव्ह पाहिला, दोन वर्षांपूर्वी स्वतःला पाठवलेला ईमेल उघडला - सगळीकडे साफ. मूळ स्कॅन मिळायचा प्रश्नच नाही, मी जिथे मशीनवर होतो ते सेंटर कधीच बंद झालं. शेवटी जुन्या बॅचच्या एका मुलीला फोन केला. तिने तेव्हा मोबाइलवर स्लाइडचा फोटो काढला होता, तो पाठवला. फोटोत मी बोट रोखून भूत दाखवतोय, आणि बोटासमोर काहीच नाही. मी तिला विचारलं, तुला तेव्हा सावल्या दिसल्या होत्या का? ती घुटमळली. "खरं सांगू का सर? मला नव्हत्या दिसल्या. सगळे हसले म्हनून मी बी हसले."

असं चित्र श्वास रोखलेल्या माणसाचंच येतं. धापा टाकणाऱ्याचं येत नाही.

पण मान खाली जायची वेळ त्याआधीच, लेक्चर संपल्या संपल्या आली होती. पेशंटचं नाव झाकावं, हे माझ्याच नोट्सच्या पहिल्या पानावर आहे. या स्लाइडवर झाकायचा मी कंटाळा केला होता. याच बॅचमधली पाचोडची वैशाली वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली.

"सर, ती माझी आत्या हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिच्या पोटात परत दुखायलंय. डॉक्टर एमआरआय करा म्हनायलेत, ती जात नाय. म्हनती, माझ्यानं दम धरवत नाय, मागं माझ्यापायी मशीन खराब झाली. पण सर, चित्र तर साफ हाय. मग तुम्ही तिला परत का पाठवलं?"

मी म्हणालो, बघून सांगतो.

रविवारी त्या चित्राची प्रिंट घेऊन पाचोडला गेलो. रस्ताभर खरं काय ते सांगायची तयारी केली. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बाजूला मुलगा, सून, वैशाली. आत्याने प्रिंट हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"हे माझं हाय व्हय?"

"हो मावशी. तुम्ही नीट श्वास रोखला होता."

"मंग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मशीनची चूक होती."

तिने प्रिंट मांडीवर सरळ करून ठेवली. मग सुनेला म्हणाली, "बघ, म्या धरला व्हता. आन् इतकी वर्सं म्या सोताला बोल लावत बसले." तिने डोळे पुसले. मी तोंडात शेंगदाणे टाकत बसलो.

पुढच्याच आठवड्यात तिने एमआरआय केला. पित्ताच्या नळीत खडा निघाला, डॉक्टरांनी काढला. आता बरी आहे. वैशालीने मला परत काही विचारलं नाही.

चित्र साफ कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांना विचारलं ते म्हणतात, फाइल बदलली असेल. असेलही... पण ते खराब कशामुळे झालं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेवढंच मी आत्याला सांगितलं नाही.

परवा वैशालीने सगळ्या वर्गासमोर मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवली. "आत्यानं दिलीय, सर. म्हनली, एवढ्या लांब येऊन चूक कबूल करून गेले, असं कोन करतंय आजकाल."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हणालो आणि पिशवी घेतली.