खोलदादांची शेवटची लूट

खोलदादांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायची परवानगी कोणालाच नव्हती. त्यांच्या पत्नीला, आमच्या बौदींनाही नाही. तिथे सीटबेल्ट लावून त्यांचा खोल बसायचा. खोल म्हणजे बंगाली कीर्तनातला मातीचा मृदंग. हिवाळ्यात त्याच्या अंगावर शाल असे आणि मागे कुडकुडणाऱ्या बौदी म्हणत, "मेरा सौतन है."

कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमची घरं शेजारी शेजारी. महिन्यातल्या एका शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये कीर्तन असे. आपल्याकडे बुवा उभे राहून आख्यान लावतात, मधूनमधून हसवतात. इथे एकच ओळ घोळवत राहायची. पहिल्या वेळी मी घड्याळ लावून बसलो. राधा वाट पाहते आहे, एवढ्या मजकुराला अठरा मिनिटं. दादांना आकडा सांगितला, तर म्हणाले, "राधा सारा रात खड़ा रहा, बाबू, और तुम अठारह मिनट में थक गया?"

मग लय वाढे, सगळे हात वर करून नाचत आणि शेवटी एकमेकांना मिठ्या मारत. मी आपला भिंतीला टेकून. "हमारा महाप्रभु रास्ता में नाचा, जात नहीं पूछा, सबको गले लगाया," दादा मला ओढत त्यांच्या कीर्तनाच्या आद्य संताबद्दल सांगत. "बंगाली का गाना, रोना, झगड़ा, सब वहीं से आया."

"झगड़ा तुम्हारा अपना है," बौदी.

दोघं कॅल्गरीला मुलीकडे कायमचे निघाले. त्यांचं घर रिकामं झालं होतं, म्हणून निरोपाचं कीर्तन आमच्या बेसमेंटमध्ये ठरलं. कीर्तन संपलं की हरीची लूट: ताटभर बत्तासे उधळायचे आणि लहानथोरांनी झडप घालून वेचायचे. आमचं कार्पेट नवीन, शिवाय कोणाला कमी, कोणाला जास्त. मी चाळीस माणसांच्या चाळीस पुड्या बांधल्या, प्रत्येकी सहा बत्तासे.

पुड्यांची टोपली पाहून दादांचा हात खोलावरच थांबला. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "मिल्टन में मेरा आखरी लूट था, बाबू."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. "बसा आता खाली. सोडा गाठी."

दोघांनी चाळीस गाठी सोडल्या. दादांनी दोन्ही हातांनी ताट उधळलं आणि बेसमेंटमध्ये एकच दंगा झाला. आमचे दाताचे डॉक्टर सोफ्याखाली कमरेपर्यंत शिरले. माझी मुलगी ओरडली, "बाबा, आय गॉट इलेव्हन!" मी गुडघ्यांवर रांगत होतो. मला तीन मिळाले, आणि दादांनी मारलेली मिठी मी या वेळी चुकवली नाही.

विमानाला दोन माणसांची तीन तिकिटं काढली होती. खिडकीची जागा अर्थातच खोलाला.

परवा ड्रायर पुढे ओढला तर मागे एक बत्तासा सापडला. कॅल्गरीला फोन लावला.

"तुम्हारा भाग का है," दादा हसत सुटले. "छुप के बैठा था. खा लो!"

मी फुंकर मारली आणि तोंडात टाकला.