अक्कांची विहीर आणि माझं चोख गणित

त्या शिबिराला माझा विरोध होता, आणि तो मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवला होता. फैजपूरच्या आमच्या शाळेतल्या नववीच्या वीस मुली दिवाळीनंतर पाच दिवस साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावात न्यायच्या, समाजमंदिरात राहायचं, आणि एकाच विहिरीवर गणित, भूगोल, विज्ञान, मराठी सगळं शिकवायचं. माझं म्हणणं, गणिताला फळा लागतो. बाकी सगळी सहल. मुख्याध्यापकांनी मग नेमकं मलाच प्रमुख केलं. मीही ठरवलं, जायचंच आहे तर गणित असं करून दाखवते की कोणाला बोट ठेवता येऊ नये.

विहीर अक्कांची होती. अक्का साठीच्या, शेत स्वतः बघणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, औंदा गहू पेरू का हरबरा? मन्हा जीव गहूमा शे. पन पानी पुरी का?"

हरभऱ्याला पाण्याच्या दोन पाळ्या पुरतात. गव्हाला पाच तरी लागतात, आणि शेवटच्या पाळ्या चुकल्या की ओंबी भरत नाही. अक्कांच्या घरचं वर्षाचं खाणं त्या एकाच तुकड्यावर होतं. मुलींना याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? मी म्हटलं, "परवा सांगते, अक्का. पक्कं सांगते."

विहीर रिकामी झाली की तीन दिवसांत भरते, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे भरलेल्या विहिरीत पाणी किती, एवढंच काढायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलींनी वरून व्यास मोजला. दोराला गोटा बांधून मधोमध सोडला, ओला दोर मोजला. अठरा फूट पाणी. एक मुलगी, वर्गात फारशी न बोलणारी, काठाशी वाकून पुन्हा दोर सोडत होती.

"मॅडम, इकडे पाच फूट पाण्यातच टेकतोय."

"अडकला असेल कुठे. मधे सोडायचा असतो तो," मी म्हटलं. तिने पुन्हा तोंड उघडलं तशी मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "विहीर म्हणजे सिलिंडर. सूत्र पाठ आहे ना? मग लाव." ती गप्प झाली. आमच्या केळीच्या पट्ट्यात जुन्या विहिरी सरळ बांधून काढलेल्या, वरून खालपर्यंत एकसारख्या. मी जन्मात दुसरी विहीर पाहिली नव्हती, आणि आपण पाहिली नाही असं मला वाटलंही नव्हतं.

उत्तर आलं: गव्हाच्या पाच पाळ्या निघतात, वर थोडं पाणी उरतं. दुपारच्या आत मी स्वतः जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मला माझाच अभिमान वाटला.

दुपारी मराठीचा तास होता. सकाळी काठाशी दोर सोडणाऱ्या त्याच मुलीने अक्कांची मुलाखत घेतली होती, आणि त्यांची बोली जशीच्या तशी लिहून आणली होती. ती वाचू लागली.

"मन्हा मालकनी आनि देरनी खंदी इहीर. वरे मुरूम व्हता, खाले काया दगड लागना. दगड फोडता फोडता इहीर न्हानी व्हत गयी. खाले चार मानसे बी मावत नही."

मुली हसल्या, कारण ती अक्कांच्या हेलात वाचत होती. मी मात्र तिला ते पुन्हा वाचायला लावलं: अक्कांच्या नवऱ्याने आणि दिराने खणलेली विहीर खाली काळा दगड लागल्यावर लहान लहान होत गेली होती. काठाशी पाच फुटांवर गोटा टेकला होता तो दगडाच्या कट्ट्यावर. त्याच्या खाली रुंद विहीर नव्हती, मधोमध नुसता अरुंद खड्डा होता. मी वहीच्या मागच्या पानावर घाईघाईत आकडे मांडले. पाणी निम्मंसुद्धा नव्हतं.

"अक्का कुठे आहेत?" मी विचारलं.

"शेतात. गहू पेरायला घेतलाय त्यांनी. तुम्ही सांगितलं म्हणून," ती म्हणाली.

मी चपला हातात घेऊन धावले. बांध चढताना एकच विचार होता: बाकी मुली मागे येऊ नयेत. त्यांच्यासमोर कबूल करायचं माझ्या जिवावर आलं होतं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते, पण तेव्हा ते तसंच होतं. ती मुलगी मात्र वही घेऊन मागे धावतच आली.

पेरणीची पाभर ओढणारे बैल सहावी ओळ संपवून वळत होते. मागे अक्का ओटीतून मूठमूठ गहू सोडत होत्या.

"थांबा अक्का! चुकलं. माझं चुकलं. गव्हाला पाणी पुरणार नाही."

त्यांनी पाभर हाकणाऱ्या गड्याला बैल थांबवायला सांगितलं. धाप लागलेली असताना मी सांगत गेले: वरून मोजलं, खालची विहीर लहान, हरभराच पेरा. अक्का ओटीतल्या गव्हाकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, खाली ती लहान आहे?" मी विचारलं. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शिकेल-सवरेल. तुम्हले ठाऊक व्हई आसं वाटनं," अक्का म्हणाल्या. "बाई बोलनी म्हनीसन मी बोलनू नही."

त्यांनी ओटीतला गहू पोत्यात ओतला आणि हरभरा आणायला सांगितलं. मी मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं. तीही सकाळी याच कारणाने, बाई बोलली म्हणून, गप्प बसली होती, आणि जूनपासून माझ्या वर्गात याच कारणाने गप्प बसत होती. मी तिला काहीतरी म्हणणार होते, पण तिने नजर खाली वळवली आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.