सुतकातला भाऊ

भाऊ मांडवाच्या बाहेर उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. होम पेटलेला होता. नवरी ओंजळ पुढे करून थांबली होती. लाह्यांचं सूप माझ्या गुडघ्याशी होतं. आणि ज्याच्या हातून त्या लाह्या तिच्या ओंजळीत पडायच्या, तो स्टेशनवरून धावत आलेला गृहस्थ कडुलिंबाखाली उभा राहून नुसती मान हलवत होता.

"दामोदर, काहून उभा आहेस तिथं? ये की आत," मी ओरडलो.

"मले येता येत नाही, गुरुजी. मी सुतकात आहो."

मांडवात जी चारदोन माणसं होती, ती वळून त्याच्याकडे पाहायला लागली.

हे लग्न माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगितलं पाहिजे. मी अकोल्याचा भिक्षुक. लग्नं, मुंजी, शांती हा आमचा पिढीजात धंदा. धंदा म्हटलेलं आमच्या ज्ञातीत खपत नाही, पण मी म्हणतो. त्या काळी नवरानवरीनं भटजी निवडायचा ही गोष्ट ऐकिवात नव्हती. वडिलांचा जो उपाध्याय, तोच मुलाचा. त्यामुळे केशव मास्तर आणि यमुना ही दोघं स्वतःच्या पायांनी माझ्या ओसरीवर आली, तेव्हा आत आमच्या मंडळींचा वरवंटा थांबलेला मी ऐकला.

मास्तर बार्शीटाकळीकडचे, अकोल्यात एका शाळेवर होते. आईवडील नव्हते. यमुना अमरावतीच्या एका नामांकित वकिलाची मुलगी. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच विधवा झाली. वडिलांनी तिचं केशवपन होऊ दिलं नाही, तिला शिकवलं, मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊ दिलं. चारचौघांत ते या गोष्टीचा अभिमानही मिरवायचे. पण त्यांचा अभिमान तेवढ्यापर्यंतच होता.

माझ्याआधी दोघं आणखी दोन भटजींकडे जाऊन आली होती. एक म्हणाला, दार लावून उरकू, मंगलाष्टकं नकोत. दुसरा म्हणाला, माळा घाला, अग्नी मात्र पेटवायचा नाही, विधवेला अग्नी दुसऱ्यांदा साक्षी राहत नाही. दोघंही तयार होते, पण अर्ध्या लग्नाला.

"तुम्ही काय काय गाळता?" मास्तरांनी विचारलं.

मला हसू आलं. "मी काही गाळत नाही. लावलं तर पुरतं लावतो, नाहीतर लावत नाही."

मी सुधारक नव्हे. कुठल्या सभेत गेलो नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. विधवेचं लग्न कायद्यात केव्हाच बसलेलं होतं आणि शोधलं तर शास्त्रातही आधार मिळतो. मग ते चोरून कशाला लावायचं, एवढंच माझं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, भटजी घेताना त्याचा आवाज ऐकू नका. होम करणार का आणि सात पावलं चालवणार का, ते विचारा. उद्या कोणी कोर्टात उभं राहून म्हणालं की हे लग्नच नव्हे, तर वकील या दोनच गोष्टी उकरून काढतात.

यमुना जाताना म्हणाली, "लाह्या माझा भाऊच घालीन. दुसरा कोणी नको."

सप्तपदीच्या आधी लाजाहोम असतो. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. माहेरचं असं शेवटचं माणूस तिच्या जवळ उभं राहतं ते तेव्हा. भाऊ नसला तर चुलत, मामे, मानलेला, कोणीही चालतो. हे मी तिला सांगितलं.

"भाऊ आहे ना मले," ती म्हणाली. "मंग दुसरा कशाले?"

कन्यादान मास्तरांच्या शाळेतले एक म्हातारे शिक्षक करणार होते. वडील येणार नाहीत हे तिनं मनाशी धरलंच होतं. सगळ्या माहेरातून तिला एक माणूस हवं होतं. दामोदर तिचा थोरला भाऊ, वडिलांच्याच हाताखाली कारकून. त्यानं येतो म्हणून कळवलं होतं.

लग्नाच्या काही दिवस आधी खुद्द वकीलसाहेब टांग्यातून माझ्या दारात उतरले. पाणी विचारलं, त्यांनी घेतलं नाही.

"हे लग्न तुम्ही लावणार?"

"हो."

"माझी संमती नाही."

"मुलगी सज्ञान आहे. तिची आहे."

"तिचा भाऊ येणार नाही."

"तो येतो म्हणालाय."

वकीलसाहेबांनी उपरणं सारखं केलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "लग्न कोणत्या दिवशी?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते टांग्यात बसून निघून गेले, आणि मला वाटलं, चला, आरडाओरडा न करता गेले.

आता पुन्हा मांडवात येतो. मुहूर्त गोरज होता, म्हणजे गुरं घरी परतायची वेळ. मी विचारलं, "सुतक कोणाचं, दामोदर? घरी कोण गेलं?"

त्यानं नवरीकडे पाहिलं. "हीच."

मास्तर ताडकन उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मला उलगडा झाला होता.

घटश्राद्ध म्हणून एक विधी आहे. जिवंत माणसाला मेलेलं ठरवायचा. घर ज्याला टाकतं, त्याच्या नावानं पाण्याचा घडा भरून ठेवतात आणि घरच्या मोलकरणीनं तो पायानं लवंडायचा. मग सगळे आंघोळी करतात. त्या माणसाचं नाव पुन्हा घरात घ्यायचं नाही. मी हा विधी जन्मात केलेला नाही आणि कोणी सांगितला असता तरी केला नसता.

"सकाळी केलं बाबांनी," दामोदर बाहेरूनच सांगत होता. "काशी आहे ना आमची, यमूच्या वेण्या घालत जाय ते. तिले म्हणे, मार लाथ. ते रडून राहिली, पाय उचलेना. बाबा अंगावर धावून गेले तिच्या, तवा लोटला तिनं घडा. मंग आमी सगळ्यांनी आंघोळ केली. मी मागच्या दारानं निघालो अन् बडनेऱ्याले गाडी धरली."

या विधीचं सुतक एक दिवस आणि एक रात्र असतं. आधीच्या आठवड्यात केला असता तर ते केव्हाच फिटलं असतं. नंतर केला असता तर लग्न होऊन गेलं असतं. वकीलसाहेबांनी नेमकी तीच सकाळ धरली. मुलगा पळून जाईल हे त्यांनी ओळखलं होतं. त्याला कोंडून ठेवायची त्यांना गरजच वाटली नाही. तारीख कशी घ्यायची हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

"आला आहेस ना? मग ये," मी म्हणालो.

"बाबांले नाही भेत मी, गुरुजी. भेत असतो तं आलोच नसतो." त्यानं हात पाठीमागे घेतले. "सुतकाचा हात लागला अन् यमूचं काही वाईट झालं तं?"

मास्तरांचे एक मित्र पुढे झाले. म्हणाले, "मी घालतो लाह्या, उरका आता." ऊन उतरत होतं, होम मंदावला होता, आणि कामाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच होतं. पण यमुनेनं ओंजळ अजून खाली केलेली नव्हती.

निर्णय माझा होता. मांडवात शास्त्र सांगायचा अधिकार लग्न लावणाऱ्याचा असतो.

"सुतक मेलेल्याचं असतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "यमुना, तू जिवंत आहेस ना?"

"आहो," ती म्हणाली.

"ऐकलंस? सुतक नाही. पाय धू आणि ये."

तो आला. लाह्या तीनदा घालायच्या असतात. त्याच्या हातातून अर्ध्या ओंजळीत पडल्या, अर्ध्या जमिनीवर. लाह्या झाल्या की भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि मांडव हसतो. दामोदरनं मास्तरांच्या कानाला नुसतं बोट लावलं. हसलं कोणीच नाही. मग मी दोघांना सात पावलं चालवली आणि लग्न पुरतं झालं.

पुढे ज्ञातीनं मला वाळीत टाकलं. फरक पडला नाही असं म्हणणार नाही, चांगलाच पडला. पण यमुना सणावारी घरी यायची, आमच्या मंडळींशी चुलीपुढे गप्पा मारत बसायची, आणि तिच्याकडे पाहून मला वाटायचं की आपलं काही चुकलं नाही.

दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिकस्त केली. मूलही वाचलं नाही. मास्तरांनी अमरावतीला तार केली, तिचं उत्तर आलं नाही. लग्नाचे भटजी मर्तिकाला जात नसतात. पण मास्तरांकडे दुसरा कोणी फिरकेना, तेव्हा मीच गेलो. जिचं लग्न लावलं तिचे शेवटचे मंत्रही मीच म्हटले. मला ते नीट म्हणता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दामोदर माझ्या घरी आला. पुन्हा पायरीखालीच उभा.

"आत ये, बाबा."

"आधी सांगा, गुरुजी. आता सुतक आहे का नाही?"

"आहे. लग्न झालेल्या बहिणीचं भावाला धरावं लागतं."

"बाबा म्हणतात का तिचं धरून झालं. एका माणसाचं दोनदा नसते."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "अन् म्हणतात का हे तुह्याच हातानं झालं. सुतकात लाह्या घातल्या तू."

मला त्या वकिलाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याच्यावर हात टाकला असता. तो राग अजून गेलेला नाही. दामोदरला मी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, मूल कसं आडवं होतं ते सांगितलं, लाह्यांनी कोणी मरत नाही हे तीनतीनदा सांगितलं. तो "हो गुरुजी" म्हणत गेला. साहेबाला कारकून म्हणतो तसं. त्याला त्यातलं काही पटलं नव्हतं.

घरी सुतक धरायची सोय नव्हती, म्हणून त्यानं ते आमच्या ओसरीवर धरलं. घोंगडीवर बसून राहायचा. आमच्या मंडळी पुढ्यात ताट ठेवायच्या. एकदा आमची नात रांगत त्याच्याकडे गेली, तेव्हा त्यानं दोन्ही हात पटकन उपरण्याखाली घेतले. सुतक फिटल्यावर त्यानं विहिरीवर आंघोळ केली आणि स्टेशनची वाट धरली. नंतर तो कुठल्या लग्नात पुढे झाला नाही, असं मास्तरांकडून कळलं.

तसा प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तेच सांगेन. सुतक नव्हतं ते नव्हतंच.

आता होमाचा धूर सोसत नाही, लग्नं मुलगा लावतो. पण घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणारी जोडपी अजूनही अमरावतीहून, शेंदूरजनाघाटाकडून विचारत येतात, भटजी कोणता घ्यावा. मी सांगतो, पुरतं लावणारा घ्या, काही गाळू म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. तारीख विचारायला कोणी सभ्यपणे आलं तर सांगू नका. आणि मुलीचा भाऊ यायचा असेल, तर त्याला आदल्या दिवशीच आपल्या घरी आणून ठेवा.