आधी कासव

मालदीवच्या समुद्रात पहिल्यांदाच खोल बुडी मारली, तेव्हा पाठीवर हवेची टाकी होती, तोंडात नळी होती आणि छातीत नुसता ढोल वाजत होता. खाली उतरतेय तोच समोर एक कासव आलं. संथ, थोराड, अगदी हाताच्या अंतरावर. माझा उजवा हात आपोआप त्याच्या पाठीकडे गेला! गावच्या देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही लहानपणापासूनची सवय. ती पाण्याखालीही सुटेना.

आमचा वाटाड्या इब्राहिम यानं चटकन माझं मनगट धरलं आणि बोट हलवून ‘नको’ म्हटलं. मग मी तिथेच तरंगत हात जोडले. कासवानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ते सावकाश बाजूला झालं.

त्याच्यामागे प्रवाळांचा अख्खा डोंगर उजळलेला होता. जांभळी झुडपं, पिवळ्याधमक जाळ्या आणि त्यांतून आतबाहेर करणारे निळे मासे. मी आनंदानं ओरडत होते आणि वर फक्त बुडबुडे जात होते.

होडीत चढल्यावर इब्राहिमनं मोडक्या हिंदीत विचारलं, “ताई, तुम्ही हात का जोडलेत?”

“आमच्याकडे देवळात आधी कासव भेटतं,” मी धापा टाकत सांगितलं. “त्याला नमस्कार करायचा, मग आत देवाकडे जायचं.”

“मग देव दिसला?”

मला हसूच आवरेना.

“दुसरी टाकी बांधा,” मी म्हटलं. “आत्ता कुठे उंबऱ्यापर्यंत पोचलेय!”