खिशातला हात

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मास्तरांना खऱ्या नावाने कुणी हाक मारलीच नाही. पुठ्ठा कापायचं मशीन ज्याला ज्याला येत होतं, त्याला ते मास्तरांनीच शिकवलेलं. मलाही.

त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येणार, म्हणजे हात आत राहायला नको. कागदावर छान. पण रोजचा आकडा गाठायचा तर एका बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसायची आणि एका हाताने काम उरकायचं. सगळे तेच करायचे, साहेब कानाडोळा करायचे. मास्तर तेवढे बजावायचे, "घडी घातलीस तर डावा हात पाठीमागे ठेव, बाबा." स्वतः तसेच उभे राहायचे. चहा पितानासुद्धा डावा हात पाठीवर. आम्ही हसायचो.

मी एकदा विसरलो. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. मास्तरांनी अंगातला शर्ट फाडून हात बांधला, दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी साहेब घरी आले आणि कागद पुढे केला: बोट घरच्या दारात चेमटलं. वर तोंडी समज, "पुन्हा घडी घालू नकोस", बस. केली सही. नोकरी राहिली ना.

दोन महिन्यांनी मास्तरांनी लेखी तक्रार दिली, आकडा कमी करा, माणसांचे हात जातायत. आठवड्याच्या आत त्यांच्या मशीनमध्ये घडी सापडली आणि बावीस वर्षांची नोकरी एका दुपारी संपली.

मास्तर कामगार न्यायालयात गेले. त्यांच्या वकीलबाई मला म्हणाल्या, "दादा, चूक दोघांची एकच. तुम्हाला नुसती समज आणि त्यांना थेट बडतर्फी, एवढं दाखवलं की केस उभी राहते. पण तुमच्या समजेचा कागदच नाही. तुमचा हात हाच काय तो पुरावा."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो, आता कुणाला पटायचं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. माझ्या सहीचा कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "खोटं लिहून देणाऱ्यालाही काढता येतं, बरं का." घरी सांगितलं, तर बायको मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत राहिली.

कोर्टात डावा हात खिशात घालूनच उभा राहिलो.

"बोट कसं गेलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"घरच्या दारात."

"मशीनमध्ये घडी घालत होतात?"

"आठवत नाही."

समोर मास्तर, डावा हात पाठीवर. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मास्तर केस हरले. निकालाच्या दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं. वाटलं, आता शिव्या घालतील, घालाव्यात. त्यांनी माझा हात खिशातून बाहेर काढला, बोट निरखून पाहिलं.

"ठणकतं का रे अजून?"

"नाही," मी म्हणालो. तेही खोटंच. ते मान हलवून जिना उतरून गेले.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचं मशीन मीच चालवतो. दोन्ही बटणं, दोन्ही हात, आकडा गेला खड्ड्यात. पातं खाली आलं की दर वेळी पाठीमागून तोच प्रश्न येतो. मी वळून बघत नाही.

ठणकतं, मास्तर. सांगतो मी त्यांना, मोठ्याने सांगतो. मशीन चालू असतं, कुणाला ऐकू जात नाही.