बाबा, वडा आणि बिल्ला

बिनपगारी कामावरूनही माणसाची हकालपट्टी होऊ शकते, हे मला साठीनंतर कळलं.

रिटायर झाल्यावर मी आणि माझी बायको शैला अमेरिकेतलं आमचं क्युपर्टिनोचं घर बंद करून उन्हाळाभर एका नॅशनल पार्कात कॅम्पग्राउंडचे होस्ट म्हणून राहिलो. म्हणजे व्हॉलंटियर! आपला ट्रेलर तिथे फुकट उभा करायचा आणि बदल्यात आल्यागेल्याला जागा दाखवायची, शेकोट्यांची राख उपसायची. शिवाय खाणंपिणं बाहेर राहत नाही ना, हे बघायचं, कारण तिथे अस्वलं. खाण्याची प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत बंद, आणि कुठल्याही प्राण्या-पक्ष्याला काहीही खायला घालायचं नाही, हा तिथला पहिला नियम. पगार शून्य, पण एक हिरवं जॅकेट मिळतं आणि त्यावर चकचकीत पितळी बिल्ला : 'होस्ट'.

बिल्ला लागला आणि माझी छाती फुगली. (अख्खी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये गेली, पण माझं कुणी ऐकल्याचं आठवत नाही.) मी गस्त घालू लागलो. टूथपेस्ट बाहेर? पेटीत! चिप्स? पेटीत! एका चिमुरडीनं खारीला शेंगदाणा दिला, तर तिला मी असं लेक्चर दिलं की ती, तिची आई आणि बहुधा खारसुद्धा रडली.

"अहो, जरा दमानं! लेकरू आहे ते," शैला म्हणाली.

"नियम म्हणजे नियम!"

"बाबा असते ना, तर पुन्हा बिल्ला काढून घेतला असता तुमचा."

बाबा म्हणजे माझे वडील. चौथीत मी मॉनिटर होतो. बंड्या, माझा सख्खा मावसभाऊ, वर्गात शिंकला म्हणून मी त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी बाबांनी माझ्या शर्टावरचा बिल्ला काढून स्वतःच्या खिशात टाकला. "आधी माणूस हो, मग मॉनिटर हो," म्हणाले. ही गोष्ट त्यांनी लग्न ठरताना शैलालाही सांगितली होती.

तर सप्टेंबरात, पितृपक्षात बाबांची तिथी आली. शैलानं ट्रेलरच्या एवढ्याशा ओट्यावर खीर, कढी, आमसुलाची चटणी आणि भरड्याचे वडे असा सगळा घाट घातला. पानं वाढून झाल्यावर म्हणाली, "कावळ्याचा घास कुठे ठेवू?"

"कुठेच नाही! पक्ष्यांना खायला घालायचं नाही!"

"पक्ष्यांना कुठे? बाबांना!"

मी तोंड उघडलं, पण तिचे डोळे भरून आलेले दिसले. बाबांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. "सूनबाई, एकच वडा दे गं," असं ते म्हणाले होते आणि हिनं दिला नव्हता. त्यानंतर क्युपर्टिनोत दरवर्षी घास ठेवला, पण एकदाही कावळा शिवला नाही. (तिथल्या कावळ्यांना पिझ्झा मिळतो. ते वड्याकडे कशाला बघतील!) बाबा रागावलेत, असं शैलाच्या मनानं घेतलं होतं.

मग मी एक शक्कल लढवली. घास खाली ठेवायचा नाही. मी बाहेर खुर्चीत बसून ताटली मांडीवर घ्यायची आणि दुसरीकडे बघायचं. मी जेवतोय, आता मध्येच कुणी आलं तर माझा काय दोष?

पाचच मिनिटांत समोरच्या टेबलावर डोमकावळा येऊन बसला. अमेरिकन साइजचा! कोंबडीएवढा असेल. त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे अगदी बाबांसारखं पाहिलं, पण जागचा हलेना.

"काहीतरी इच्छा राहिलीय," शैला पुटपुटली. "कबूल करा काहीतरी!"

"बाबा, बंड्याला फोन करीन!"

ढिम्म.

"बाबा, रोज फिरायला जाईन! गोड कमी करीन!"

"हे तुमच्या डॉक्टरांना सांगा," शैला म्हणाली. "बाबांना काय त्याचं!"

तेवढ्यात रेंजरची गाडी वळणावर दिसली! माझं धाबं दणाणलं. मी जॅकेट काढलं, ताटलीवर टाकलं आणि चेहरा शक्य तितका निष्पाप केला. मेगन, म्हणजे आमची रेंजर, खाली उतरली.

"हाय डिलिप! सगळं ठीक?"

"ठीक! एकदम ठीक!"

डोमकावळा टेबलावरून उतरला, ऐटीत चालत आला, माझ्या मांडीवर उडी मारली, जॅकेटची कड चोचीनं बाजूला केली आणि वडा उचलला!

"शिवला! अहो, शिवला!" शैला हात जोडून ढसाढसा रडायला लागली. "बाबा, पोटभर खा हो!"

मेगन कधी तिच्याकडे बघते, कधी कावळ्याकडे. "बाबा कोण?"

"माझे सासरे," शैला नाक पुसत म्हणाली.

सगळी हकीकत सांगितल्यावर मेगनचेही डोळे ओलावले. मला वाटलं, सुटलो! पण डोमकावळ्यानं वडा टेबलावर ठेवला, परत आला, जॅकेटवरचा बिल्ला चोचीत धरला आणि असा हिसडा दिला की पिनेसकट निघाला. मग वडा आणि बिल्ला दोन्ही घेऊन तो पाइनच्या शेंड्यावर जाऊन बसला.

"कळली ना इच्छा?" शैला म्हणाली. रडता रडता ती हसत होती आणि इतक्या वर्षांत मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"शैलाचं मी समजू शकते," मेगन म्हणाली. "पण डिलिप, शेंगदाण्यावरून त्या मुलीला रडवलंस, आणि आता हे?" तिनं गाडीतून नवा बिल्ला आणला आणि शैलाच्या स्वेटरवर लावला. "उरलेला सीझन होस्ट ही. तू राख उपस."

शैलानं बिल्ला सरळ केला, ताठ उभी राहिली आणि आमच्याच टेबलाकडे बोट दाखवलं.

"चिवड्याची पिशवी बाहेर कुणी ठेवलीय?"

मी मुकाट्यानं उठलो आणि पेटीकडे निघालो. वाटेत शिंक आली, पण दाबून धरली. न जाणो, हिनं फळा आणला असता तर!